हॉलंडची मेल परत येऊ लागली तेव्हा

दाजींच्या शेडमध्ये मी कामाला लागलो, ते वडिलांना आवडलं नव्हतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. आम्ही मूळचे कळंबचे, पण आण्णा, म्हणजे वडील, वालचंदनगरला कंपनीत फिटर होते आणि आम्ही क्वार्टरमध्ये वाढलो. दाजी तिथंच अ‍ॅप्रेंटिस म्हणून आले, आण्णांच्या हाताखाली शिकले, आमच्याच घरी जेवले आणि पुढं जावई झाले. मग नोकरी सोडून त्यांनी बारामतीच्या एमआयडीसीत एक शेड घेतली. दूध डेअरीच्या पाइपांना लागणारे स्टेनलेस स्टीलचे जोड ते बनवायचे. काम इतकं चोख की एका प्रदर्शनात त्यांचा माल पाहून हॉलंडची एक कंपनी मागे लागली.

मी बी.एस्सी. करून कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि घरी बसून होतो. दाजी म्हणाले, "हॉलंडचा पत्रव्यवहार तू बघ. मला इंग्लिशचं वावडं हाय."

आण्णा मला एवढंच म्हणाले, "तितं त्येला काय म्हणून हाक मारणार? साहेब का दाजी?"

मी हसलो होतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. हॉलंडला फॅक्स करायचा म्हणजे अर्धा पाऊण तास लाईन मिळायची नाही, मिळाली तर ड्रॉइंग काळंकुट्ट उमटायचं. हॉलंडच्या खरेदी खात्यातल्या बाईंनीच लिहिलं की तुम्ही ईमेल घ्या. दाजींनी पुण्याच्या एका माणसाला बोलावलं. तो कॉम्प्युटर विकायचा, जोडून द्यायचा आणि बोलायचा फार गोड. त्यानं केबिनच्या कोपऱ्यात एक पांढरा डबा बसवला आणि त्याला सर्व्हर म्हणायला शिकवलं. आम्ही दिवसभर मेल लिहायचो, त्या डब्यात साठायच्या, आणि सकाळ-संध्याकाळ तो मॉडेमवरून पुण्याला फोन लावून सगळ्या एकदम पाठवून द्यायचा. कंपनीच्या नावाचा पत्ता घेतला होता. दाजींनी तो नव्या कार्डांवर छापून घेतला.

"मशीनला एक नाव द्यावं लागतं," पुणेवाला म्हणाला होता. दाजी म्हणाले, बारामती द्या. त्यानं टाकलं. सर्व्हरचा मुख्य पासवर्ड त्यानं स्वतःकडं ठेवला. "तुम्ही कशाला डोकं लावताय? काही लागलं तर फोन करा."

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. हॉलंडच्या बाई संध्याकाळी ड्रॉइंग पाठवायच्या, दुसऱ्या दिवशी दाजी लेथवर उभे असायचे. दाजी कौतुकानं लोकांना सांगत, "आमचा मेव्हणा हितं बसून हॉलंडशी बोलतो." मी आक्काच्याच घरी, माडीवरच्या खोलीत राहायचो. सकाळी दाजींच्या स्कूटरवर मागं बसून शेडवर जायचो.

गुढीपाडवा झाल्यावर एका सकाळी पाहिलं तर माझी हॉलंडला पाठवलेली मेल परत आली होती. वर इंग्रजीत चार ओळी. मेल पोचवता आली नाही, समोरच्या सर्व्हरनं नाकारली, पाठवणाऱ्याचं डोमेन, म्हणजे पत्त्यातलं ठिकाणाचं नाव, अस्तित्वात असलं पाहिजे. मी पुन्हा पाठवली. पुन्हा परत. पण मुंबईच्या एजंटाला पाठवलेली मेल व्यवस्थित गेली, दिल्लीची गेली. फक्त हॉलंडची तेवढी परत.

मी दाजींना सांगितलं. त्यांनी येऊन स्क्रीन बघितली. माझ्या कॉम्प्युटरवर ती मेल 'पाठवलेल्या'मध्येच दिसत होती.

"गेलीया की," दाजी म्हणाले.

"इथून सर्व्हरला गेली, दाजी. सर्व्हरकडून पुढं जात नाही."

"मग मुंबईला कशी जाती? एकाच डब्यातनं जात्यात ना सगळ्या?"

मी सरळ फोनकडं गेलो.

पुणेवाल्याला फोन लावला. त्यानं तिकडूनच सांगितलं, "तुमच्याकडं काही प्रॉब्लेम नाही. हॉलंडवाल्यांचा सर्व्हर डाऊन असणार. दोन दिवस थांबा." थांबलो. परत तेच. मग पुण्यातल्या इंटरनेट कंपनीला फोन केला. तिथला मुलगा म्हणाला, "आमची लाईन चालू आहे, मुंबईला मेल जाते म्हणताय ना?" शेवटी हॉलंडला फॅक्स केला. बाईंचं उत्तर आलं की त्यांच्या संगणक विभागाकडं आमच्याबद्दल काही तक्रार नाही, आमच्याकडून काही आलेलंच नाही, आम्ही आमच्या माणसाला विचारावं. आमचा माणूस म्हणत होता, त्यांना विचारा.

तोवर बाईंच्या मेल मात्र आमच्याकडं येतच होत्या. यायचा रस्ता वेगळा, जायचा वेगळा. मी भावाचा तक्ता फॅक्सनंही पाठवून बघितला, पण तो तिकडं काळाकुट्ट उमटला. बाई विचारत होत्या, नव्या जोडांचा भाव अजून का कळवत नाही? पुढच्या मेलमध्ये जरा कडक. त्याच्या पुढच्या मेलमध्ये असं होतं की बारामतीच्याच दुसऱ्या एका कारखान्याकडून आम्हाला भाव आला आहे, तुमचा अजून नाही.

ती मेल मी छापून दाजींच्या टेबलावर ठेवली. दाजींचा धाकटा भाऊ समोर बसला होता. तो शेडचा माल गाडीत भरायचं, आणायचं-न्यायचं बघायचा. माझ्याच वयाचा. त्यानं कागद वाचून घेतला आणि म्हणाला, "बारामतीतलाच दुसरा? त्येला हॉलंडचा पत्ता दिला कुणी?"

 मला ते खटकलं, पण त्यातला रोख माझ्याकडं आहे हे त्या क्षणी ध्यानात आलं नाही. खरं तर त्या प्रदर्शनात अर्धी एमआयडीसी गेली होती. पत्ता कुणालाही मिळाला असता.

परत आलेल्या सगळ्या मेल मी छापून एकाखाली एक लावल्या आणि वाचत बसलो. मला त्यातलं सगळं समजत होतं असं नाही. पण एक गोष्ट सारखी खटकायला लागली. मेलच्या आत पाठवणारा म्हणून कंपनीचा पत्ता बरोबर होता. नाकारणाऱ्या ओळीत मात्र कंपनीचं नाव नव्हतंच. तिथं माझ्या नावापुढं नुसतं 'बारामती' होतं. म्हणजे पत्राच्या आत आपला पत्ता आणि वरच्या पाकिटावर त्या डब्याचं नाव. समोरचा सर्व्हर पाकीट बघत होता. बारामती नावाचं कुणी जगात आहे का, असं तो विचारत होता, आणि जग त्याला सांगत होतं, असं काही नाही.

पण वर्षभर हेच पाकीट चाललं होतं. मग आताच का? की मीच चुकीचं वाचतोय? पुणेवाल्याला पुन्हा फोन करून हे सांगितलं. तो एकदम तुटक झाला. "अहो, असं नसतं ते. सेटिंग मी केलंय. तुम्ही त्यात बोट घालू नका, नाहीतर माझी जबाबदारी नाही."

म्हणून मी ठरवलं, पुण्याला जायचं आणि खात्री करून घ्यायची. दाजींना म्हणालो, "पुण्याला इंटरनेट कंपनीत जाऊन येतो." ते म्हणाले, "जा." सकाळच्या एस.टी.नं गेलो. इंटरनेट कंपनीत मला दुपारपर्यंत बाकावर बसवून ठेवलं आणि मग आत बोलावून तेच सांगितलं जे फोनवर सांगितलं होतं. फक्त तिथल्या एका माणसानं बाहेर येताना माझे कागद चाळले आणि म्हणाला, "परदेशात आता जाहिरातीच्या मेलनी वात आणलाय लोकांना. बरेच जण सर्व्हर कडक करतायत. ज्याचा पत्ता सापडत नाही त्याची मेल घेतच नाहीत." बस, एवढंच. पण मला उजेड पडला. आमच्याकडं काही बदललं नव्हतं. बदललं होतं हॉलंडकडं; मुंबई-दिल्लीवाले पाकीट अजून तपासत नव्हते.

खात्री करायचा एकच मार्ग होता. दुसऱ्या कुठल्या तरी पत्त्यावरून हॉलंडला मेल पाठवायची. पोचली तर दोष आमच्या सर्व्हरचा. लक्ष्मी रोडच्या आतल्या गल्लीत एका सायबर कॅफेत बसलो, माझ्या नावानं फुकटचा एक पत्ता उघडला आणि बाईंना लिहिलं की आमचा सर्व्हर बिघडला आहे, ही चाचणी आहे, पोचली तर कळवा. सोबत राहिलेले भावही लिहिले. आधीच उशीर झाला होता.

पोचली. दोन दिवसांनी शेडवर बसून तो पत्ता उघडला तर बाईंचं उत्तर आलं होतं. भाव पसंत आहे, ड्रॉइंग पाठवते, इथून पुढं याच पत्त्यावर बोलू या. मला इतका आनंद झाला की मी ते उत्तर लगेच छापायला टाकलं आणि दाजींना बोलवायला लेथकडं गेलो.

परत आलो तर कागद प्रिंटरमधून निघून दाजींच्या भावाच्या हातात होता.

"ह्यो कुणाचा पत्ता?" त्यानं विचारलं.

"माझा. तेच दाखवायला दाजींना..."

"कंपनीच्या पत्त्यावरनं जात न्हाय, पण तुमच्या पत्त्यावरनं जातंय." त्यानं कागद दाजींच्या हातात दिला. "बघा दादा. भाव बी ह्यांच्याच पत्त्यावर ठरलाय, आणि आता ड्रॉइंग बी ह्यांच्याच पत्त्यावर येणार."

मी समजावून सांगू लागलो. चाचणी, पाकीट, नाव, हॉलंडचा कडक झालेला सर्व्हर. जितकं जास्त सांगत गेलो तितकी दाजींची नजर लांब लांब जात राहिली. माझ्याच कानांना ते रचलेलं वाटायला लागलं. एका डब्याला गावाचं नाव दिलं म्हणून हॉलंडला पत्र जात नाही, हे लेथवर आयुष्य घालवलेल्या माणसानं का ऐकावं?

"पुन्यावाला म्हणतोय सेटिंग बरोबर हाय," दाजी म्हणाले. "मग बिघडवलं कुणी?"

"दाजी, मुख्य पासवर्ड माझ्याकडं नाहीच. मला त्यातलं काही बदलता येत नाही."

"कॉम्प्युटर शिकल्यालं माणूस तुमी," भाऊ म्हणाला. "तुमाला पासवर्ड कशाला लागतोय?"

मी दाजींकडं बघितलं. ते काहीतरी बोलतील असं वाटत होतं. ज्या माणसाला मी पोरगा असल्यापासून ओळखत होतो, ज्यानं मला सायकल शिकवली, तो त्या कागदावरचा माझा पत्ता पुन्हा पुन्हा वाचत होता. मग त्यांनी कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि हात पुढं केला.

"केबिनची किल्ली दे."

मी दिली.

"तुला त्या दुसऱ्या कारखान्याकडं जायाचं आसंल तर जातो म्हणून तोंडावर सांगायचं हुतंस. मी आडवलं नसतं."

"दाजी, मी कुणाकडं..."

"आण्णांच्या तोंडाकडं बघून मी वरडत न्हाय. आता बास."

लेथ चालू होते. कामगारांनी सगळं ऐकलं असणार, पण कुणी मान वर केली नाही. शेडमधून मी चालत घरी आलो. उन्हात भिगवण रोडवरून चालताना डोक्यात तीच वाक्यं घोळत होती, पाकीट आणि पत्ता. अजूनही वाटत होतं की नीट शब्द सापडले तर दाजींना पटेल.

आक्काला बातमी माझ्याआधी पोचली होती. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"तू त्या बाईला तुज्या पत्त्यावरनं लिवलंस का न्हाय, येवढंच सांग."

"लिहिलं. पण आक्का, ते..."

"लिवलंस."

"चाचणी होती ती."

तिनं पदर तोंडाला लावला. माझ्यावर ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिला माझं खरं मानायचं होतं, हे दिसत होतं. पण तिला संध्याकाळी दाजींना ताट वाढायचं होतं, उद्या वाढायचं होतं, रोज वाढायचं होतं. ती म्हणाली, "थोडं दिस आण्णाकडं जाऊन ऱ्हा. ह्यांचं डोकं निवू दे." मी माडीवर जाऊन बॅग भरली. दुपारच्या गाडीनं वालचंदनगरला आलो.

आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. यंत्रातलं त्यांना कळत होतं, कॉम्प्युटरमधलं नाही, पण त्यांनी एकच प्रश्न विचारला. "तू म्हणतो ते तपासायला किती येळ लागतो?"

"पासवर्ड असला तर पाच मिनिटं."

"मग तपासत का न्हाईत?"

दुसऱ्या आठवड्यात ते स्वतः बारामतीला गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा मी दारातच होतो. त्यांनी सांगितलं, दाजींनी पाया पडून खुर्ची दिली, चहा दिला, नवं मशीन दाखवलं, उसाचं, पाण्याचं, कारखान्याच्या निवडणुकीचं बोलले. माझा विषय त्यांनी काढला नाही, आणि आण्णांनाही काढता आला नाही. "जावई हाय," आण्णा म्हणाले आणि चपला काढून आत गेले. आमच्या घरात हा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढचं मला आक्काकडून कळलं. दाजींनी पुणेवाल्याला बोलावून घेतलं, मी काय काय बिघडवलं ते बघायला. तो आला, डब्यापुढं बसला, काहीतरी टाइप केलं, डबा बंद करून चालू केला आणि हॉलंडला मेल गेली. दाजींनी विचारलं, काय होतं? तो म्हणाला, "कुणीतरी सेटिंगला हात लावला होता. आता नीट केलंय."

आक्का फोनवर हे सांगताना रडत होती. "आता तरी खरं सांग रे. मी कुणाला सांगत न्हाय."

त्या क्षणी मला जो राग आला तो दाजींवरही नव्हता, पुणेवाल्यावरही नव्हता. तो तिच्यावर होता, आणि तो माझ्या मनातून पूर्ण कधी गेला नाही.

पुणेवाल्याला मी गाठला. नोकरी शोधायला पुण्यात खोली घेतली होती, त्याचं दुकान ठाऊक होतं. मला बघून तो उठून उभा राहिला, चहा सांगितला. मी चहा नको म्हणालो. विचारलं, "तुम्ही नाव बदललंत ना? बारामती काढून कंपनीचं पूर्ण नाव घातलंत?"

तो जरा घुटमळला. "हो, ते होतं थोडं."

"मी फोनवर हेच सांगितलं होतं."

"सांगितलं होतंत," तो म्हणाला. अगदी सहज. "पण बघा, गिऱ्हाइकाला मी म्हणू का की माझी चूक होती? उद्या एमआयडीसीत मला कोण बोलावेल? धंद्यात असं बोलावं लागतं. तुमचं तर घरातलंच आहे. मिटून जाईल."

"माझी नोकरी गेली. बहिणीचं घर तुटलं मला."

"होईल सगळं ठीक," तो म्हणाला आणि दुकानात आलेल्या दुसऱ्या माणसाकडं वळला. दाजींना फोन करून हे सांगा, असं मी म्हणालो, तर त्यानं मान डोलावली. त्यानं फोन केला नाही. करणार नाही हे मला त्याच्या दुकानाच्या पायऱ्या उतरतानाच कळलं होतं.

मी स्वतः दाजींना एक पत्र लिहिलं, साध्या पोस्टानं. परत आलेल्या मेलचे सगळे कागद जोडले, त्यातल्या त्या ओळीखाली रेघ मारली, पुणेवाला काय म्हणाला तेही लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही. पाकीट दाजींनी फोडलं की त्यांच्या भावानं, ते मला माहीत नाही. आक्काला विचारायची इच्छा राहिली नव्हती.

पुण्यात एका छापखान्यात मला कॉम्प्युटरचं काम मिळालं. बरं चाललं होतं. दिवाळीला आक्का आण्णांकडं आली, भाऊबीज करून संध्याकाळच्या आत परत गेली. आम्ही दोघंही फक्त तिच्या मुलांच्या अभ्यासाचं बोललो.

पुढच्या उन्हाळ्यात इंदापूरला नात्यातल्या एका साखरपुड्याला सगळे आले होते. पंगत बसली तेव्हा माझ्या शेजारचा पाट मोकळा होता आणि तिथं दाजी येऊन बसले. वर्षभर आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. वाढपी वरण वाढून गेला. दाजींनी भात कालवला आणि ताटाकडंच बघत म्हणाले, "आमच्या शेजारच्या शेडवाल्याची बी मेल तशीच परत याया लागली. पुन्यावाल्यानंच बशिवल्यालं त्याचं. त्यानं दुसरा माणूस आणला. त्यो म्हणला, पयल्यापासनंच नाव चुकीचं घातलं हुतं."

मी हातातला घास ताटात ठेवला.

"आमचं बी त्येच हुतं म्हणं."

"हो," मी म्हणालो.

दाजींनी घास घेतला, चावला, पाण्याचा घोट घेतला. माझ्याकडं वळले. चेहऱ्यावर खरोखरच तक्रार होती, जणू मीच त्यांचं काहीतरी नुकसान केलं होतं.

"मग तवाच नीट समजावून सांगायचं न्हाय व्हय?"

समोरच्या रांगेत बसलेली आक्का आमच्याकडं बघत होती. आम्ही दोघं बोलतोय हे पाहून तिचा चेहरा फुलला होता. तिला वाटलं, मिटलं. मी ताटातलं संपवलं, कारण पंगतीतून मधेच उठलो असतो तर तिला ते दिसलं असतं. मग हात धुतले, आण्णांना सांगितलं की पुण्याची गाडी गाठायची आहे, आणि स्टँडकडं निघालो.